आधी भरतीची रेषा, मग घराचा आराखडा: किनारी जमिनीवर सीआरझेडची परवानगी कशी घ्यावी

पालघर, रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनारी गावात ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांपैकी बरेच जण घराचा आराखडा आधी काढून घेतात, ग्रामपंचायतीकडे अर्ज देतात, ठेकेदाराला उचलही देतात आणि मग कोणीतरी ‘ही जागा सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) येते’ असे म्हटल्यावर धावपळ सुरू करतात. हा क्रम उलटा आहे. भरतीची रेषा, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथपर्यंत पोचते ती रेषा, आपल्या गटापासून किती अंतरावर आहे, हे कळल्याशिवाय त्या जमिनीवर काय बांधता येईल हे ठरतच नाही. घर, घरगुती पर्यटन निवास किंवा लहान रिसॉर्ट बांधू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन योग्य क्रमाने लिहिले आहे.

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना केंद्र सरकारने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी काढली. ही तारीख पाठ करून ठेवावी, कारण जुन्या घरांचा आणि जुन्या बांधांचा निवाडा आजही तिच्यावर होतो. त्यानंतर ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९ अशा दोन अधिसूचना आल्या. अधिसूचना केंद्राची असली तरी तिची अंमलबजावणी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण पाहते. या प्राधिकरणाची नेमणूक केंद्र सरकारच करते, राज्याच्या पर्यावरण विभागाचे सचिव त्याचे अध्यक्ष असतात आणि कामकाज मुंबईहून चालते. तालुक्याला त्याचे कार्यालय नाही. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असले पाहिजेत, असे अधिसूचनाच सांगते. आपल्या जिल्ह्यातले ते तीन प्रतिनिधी कोण आहेत, हे प्रत्येक मच्छीमार सोसायटीला ठाऊक असायला हवे.

आपली जमीन कोणत्या वर्गात आहे

सातबारा, आठ अ आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्यावा. त्यानंतर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचा मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा उतरवून घ्यावा. येथे एक गोष्ट नीट तपासावी. २०१९ ची अधिसूचना त्या त्या भागाचा नवा आराखडा केंद्राने मंजूर केल्यावरच तेथे लागू होते आणि तोपर्यंत २०११ चेच नियम चालतात. मुंबई शहर व उपनगर यांच्या नव्या आराखड्यांना २९ सप्टेंबर २०२१ रोजी मंजुरी मिळाली, म्हणून मुंबईतल्या नातेवाइकाला लागू झालेला नियम त्याच दिवसापासून आपल्या गावालाही लागू झाला, असे गृहीत धरू नये. आराखड्यावर कोणत्या अधिसूचनेचा उल्लेख आहे, ते वाचूनच पुढे जावे.

समुद्राच्या बाजूने भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमनात येतो. खाडीच्या काठचे गणित वेगळे आहे आणि गफलत बहुधा तेथेच होते. २०११ च्या अधिसूचनेनुसार हा पट्टा १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा होता. २०१९ मध्ये १०० च्या जागी ५० मीटर आले. वाशिष्ठी, सावित्री किंवा कुंडलिका यांच्या काठची गावे समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत असतात आणि तेथे लाटांचा आवाजही येत नाही. तरीही वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी पाच भाग किंवा त्याहून अधिक भरते, तेथपर्यंत भरतीचा प्रभाव मानला जातो आणि काठची जमीन नियमनात येते. ‘आमचे गाव कुठे समुद्रावर आहे?’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही.

पट्ट्यातल्या जमिनीचे वर्ग असे आहेत. वर्ग एक-अ म्हणजे कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा, चिखलपट्ट्या यांसारखी संवेदनशील क्षेत्रे. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास हे कासवांसाठी प्रसिद्ध असलेले गाव या संदर्भात आठवावे. एक-ब म्हणजे भरती आणि ओहोटी या दोन रेषांमधला भाग. वर्ग दोनमध्ये आधीच विकसित झालेला शहरी भाग येतो. वर्ग तीनमध्ये आपली बहुतेक गावे येतात. वर्ग चारमध्ये ओहोटी रेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी आणि खाड्यांचे पाणी मोडते. वर्ग तीनचे २०१९ मध्ये दोन भाग झाले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेला भाग तीन-अ ठरतो आणि त्याहून विरळ वस्तीचा भाग तीन-ब. तीन-अ मध्ये ना-विकास क्षेत्र, म्हणजे भरती रेषेलगतचा नवे बांधकाम न करण्याचा पट्टा, ५० मीटर असते, तीन-ब मध्ये २०० मीटर. कोकणातली विरळ वस्ती पाहता ग्रामीण भागात दोनशे मीटर धरूनच विचार सुरू करणे शहाणपणाचे.

खाजण, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या, जमिनीबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. खारे पाणी अडवणारा खारभूमी बांध किंवा त्याची उघाडी (पाणी सोडण्याचे दार) १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीची असेल, तर भरतीची रेषा त्या बांधापाशीच थांबवली जाते. त्यामुळे बांधाआतली शेती नियमनाबाहेर राहू शकते. मात्र बांध फुटला, खारे पाणी आत आले आणि तेथे तिवर किंवा चिप्पी रुजली, तर ती कांदळवने वर्ग एक-अ मध्येच मोडतात आणि ती जागा विकासासाठी वळवता येत नाही. फुटलेला बांध वर्षानुवर्षे तसाच पडू देणाऱ्या शेतकऱ्याची शेती खाऱ्या पाण्याने तर जातेच, पुढे त्या जमिनीचा वापरही बंद होतो. म्हणून बांधाच्या वयाचा पुरावा, म्हणजे खारभूमी विभागाच्या नोंदी, जुने गाव नकाशे, जुने फेरफार, आजच मिळवून फाईलमध्ये ठेवावा.

कांदळवनाचे क्षेत्र १,००० चौरस मीटरहून अधिक असेल, तर त्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा धरला जातो. खासगी जमिनीवरील कांदळवनाला असा पट्टा लागत नाही, असे २०१९ च्या अधिसूचनेत आहे खरे. पण महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला निकाल कांदळवने आणि त्यांभोवतीची ५० मीटर जागा या दोहोंचे, मालकी कोणाचीही असो, संरक्षण करतो. त्यामुळे या सवलतीच्या भरवशावर आराखडा काढणाऱ्या सल्लागारापासून दूर राहावे.

काय बांधता येते

ना-विकास क्षेत्रात साधारणपणे नवे बांधकाम होत नाही. पूर्वीच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, परंतु जोत्याचे क्षेत्र, चटई निर्देशांक (भूखंडाच्या तुलनेत बांधीव क्षेत्राचे प्रमाण) आणि घनता पूर्वीइतकीच राहिली पाहिजे. सगळी कसोटी ‘अधिकृत’ या शब्दावर लागते. घर जुने आहे हे गावाला ठाऊक असून भागत नाही; ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, असल्यास जुनी बांधकाम परवानगी असे कागद लागतात. जुने घर पाडण्यापूर्वी त्याची मोजमापे घेऊन, छायाचित्रे काढून आणि शक्य असेल तर मोजणीचा नकाशा करून ठेवावा. आधी घर पाडले आणि मग अर्ज केला, तर पूर्वीचे जोते केवढे होते हे सिद्ध करणे फार अवघड होऊन बसते.

ना-विकास क्षेत्राच्या पलीकडे, गावठाण आणि कोळीवाड्यांच्या परंपरागत हक्कांच्या मर्यादेत, घर बांधता येते. उंची ९ मीटरपर्यंत आणि तळमजल्यावर एकच मजला, ही चौकट पाळावी लागते. स्वतःच्या राहत्या घराचे एकूण बांधीव क्षेत्र ३०० चौरस मीटरपर्यंत असेल, तर २०१९ च्या अधिसूचनेखाली प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही. स्थानिक प्राधिकरणच परवानगी देते, मात्र अधिसूचनेच्या अंगाने प्रस्ताव तपासून. ही सवलत घर बांधून विकणाऱ्याला मिळत नाही आणि तीनशे चौरस मीटरचे तुकडे पाडून चार ‘राहती घरे’ दाखवण्याची युक्ती तर मुळीच करू नये.

पर्यटनाबाबत घरगुती निवास आणि रिसॉर्ट यांत गल्लत करू नये. स्थानिक रहिवाशांना आपल्या असलेल्या घरात, जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता, पाहुणे ठेवता येतात. रिसॉर्टला मात्र किमान ०.४ हेक्टर भूखंड लागतो, सर्व मजल्यांचे मिळून आच्छादित क्षेत्र भूखंडाच्या ३३ टक्क्यांच्या आत ठेवावे लागते, वाळूच्या टेकड्या सपाट करता येत नाहीत आणि भरती रेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसता येत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीत दहा गुंठे रिकामे आहेत म्हणून कॉटेज उभारण्याची कल्पना बहुधा या पहिल्याच अटीपाशी थांबते.

प्रस्ताव कसा न्यावा

तीनशे चौरस मीटरांहून मोठे घर, व्यापारी बांधकाम किंवा रिसॉर्ट असेल, तर केंद्राने प्राधिकृत केलेल्या संस्थेकडून जागेचा मोठ्या प्रमाणावरचा, साधारण १:४,००० चा, नकाशा करून घ्यावा लागतो; चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील दूरसंवेदन संस्था अशांपैकी एक आहे. या नकाशावर भरती व ओहोटीच्या रेषा, वर्ग आणि आपल्या बांधकामाचा आराखडा एकावर एक बसवलेला असतो. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यातला लहान प्रमाणाचा नकाशा पाहून ‘आपण रेषेच्या बाहेर आहोत’ असे ठरवणे धोक्याचे आहे, कारण त्या नकाशावरची बारीक रेघदेखील जमिनीवर कित्येक मीटरांची होते.

प्रस्ताव जमिनीच्या नियोजन प्राधिकरणामार्फत पुढे जातो. गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय यांच्याशी सुरुवातीलाच बोलावे. नमुना अर्ज, प्राधिकृत संस्थेचा नकाशा, भोवतालच्या सात किलोमीटर परिसराचा नकाशा, मालकीचे कागद आणि सांडपाणी सोडले जाणार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ना-हरकत पत्र, हा संच पूर्ण असावा. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने त्याची छाननी करावी, असा नियम आहे. ही मुदत ‘पूर्ण’ अर्जापासून मोजली जाते, म्हणून त्रुटीचे पत्र आले की ते त्याच आठवड्यात निकाली काढावे. वर्ग दोन आणि तीनमधील कामांचा निर्णय राज्याच्या पातळीवर होतो; वर्ग एक आणि चारमधील कामे शिफारशीसह केंद्राकडे जातात. प्राधिकरणाने बैठकांची कार्यसूची, इतिवृत्ते आणि परवानगीपत्रे संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. आपल्यासारखाच प्रस्ताव आधी कोणत्या कारणाने परत गेला, हे त्या इतिवृत्तांत सापडते, आणि माझ्या मते कोणत्याही दलालाच्या सल्ल्यापेक्षा ते वाचन अधिक उपयोगाचे ठरते.

ग्रामपंचायतीचा दाखला हाती आला म्हणजे काम झाले, ही समजूत महागात पडते. केरळातील मरडू येथे स्थानिक पंचायतीने किनारा प्राधिकरणाची संमती न घेता परवानग्या दिल्या होत्या; सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी तेथील चार गृहसंकुले स्फोटकांनी जमीनदोस्त झाली. पर्यावरण अधिनियमातील दुरुस्तीनंतर एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तरी बांधकाम गमावणे हीच खरी शिक्षा असते.

परवानगी देताना घातलेल्या अटींच्या पालनाचे अहवाल बंधनकारक असल्यास दरवर्षी १ जून आणि ३१ डिसेंबर रोजी द्यावे लागतात. परवानगीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील पश्चिम खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करावे. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत विलंब माफ होऊ शकतो, त्यापुढे नाही. शेजारच्या जागेत कांदळवन तोडून भराव टाकला जात असेल, तर गट क्रमांक, तारीख आणि छायाचित्रांसह लेखी तक्रार जिल्हाधिकारी, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि प्राधिकरण या तिघांकडे एकाच वेळी द्यावी आणि प्रत्येकाची पोच घ्यावी.