न घेतलेल्या कर्जाची नोटीस आलीय? पैसे भरू नका, पण गप्पही बसू नका

पोस्टमन जाडसर पाकीट देऊन जातो, आत कुठल्यातरी वकिलाचं लेटरहेड, वर ठळक अक्षरात लीगल नोटीस, आणि मजकूर असा की अमुक फायनान्सचे तुमच्याकडे ४७,८०० रुपये थकलेत, सात दिवसांत भरा नाहीतर दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कारवाई करू. आणि तुम्ही त्या फायनान्सचं नावसुद्धा कधी ऐकलेलं नसतं. मग काही जण घाबरून "नको ती कटकट" म्हणत थोडे पैसे भरून टाकतात, आणि काही जण "आपण घेतलंच नाही तर काय करणारेत" म्हणून पाकीट रद्दीत टाकतात. दोन्ही चूक. कर्ज तुम्ही घेतलंय हे सिद्ध करायचं काम त्यांचं आहे, पण ते तुम्ही त्यांना लेखी विचारलं तरच करतील, नाहीतर तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ ते आपल्या सोयीने लावतात.

पहिलं काम: कागद जपा, फोनवर काही कबूल करू नका

नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटही ठेवा, त्यावरचा शिक्का आणि ट्रॅकिंग नंबर पुढे कामाला येतो. कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, कोपऱ्यात पेन्सिलने मिळाल्याची तारीख टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली असेल तर ती सेव्ह करा, नंबरचा स्क्रीनशॉट घ्या, आणि राग आला तरी लगेच ब्लॉक करू नका, नंतर तक्रारीत तेच पुरावे लागतात.

फोन आला तर एकच वाक्य, "तुमचं जे काही म्हणणं आहे ते लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देतो." जन्मतारीख, पॅन, आईचं नाव, ओटीपी यातलं काहीही "व्हेरिफिकेशनसाठी" सांगायचं नाही. त्यांची हमखास युक्ती म्हणजे "सर, आत्ता फक्त पाचशे रुपये टाका, फाइल होल्डवर ठेवतो." टाकू नका, एक रुपयाही नको. मुदत कायदा १९६३ प्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती संपायच्या आत तुम्ही सही करून कर्ज मान्य केलंत, किंवा थोडे पैसे भरून तसं लेखी राहिलं, तर ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. शिवाय पाचशे भरणारा माणूस "माझं कर्जच नाही" म्हणाला तर कोण ऐकणार.

दुसरं: हा कागद नक्की कसला आहे ते बघा

सगळ्या नोटिसा सारख्या नसतात आणि इथेच लोक गोंधळतात. वसुली एजन्सीचं पत्र किंवा वकिलाची साधी नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, वकील फक्त अशिलाच्या वतीने मागणी करतोय. कर्ज थकलं एवढ्यावरून कुणाला अटक होत नाही, त्यामुळे "उद्या वॉरंट निघेल" वगैरे लिहिलं असेल तर तो पक्का दबाव आहे, नाहीतर सरळ फ्रॉड.

लोकअदालतीची नोटीस आली तर बरेच जण हबकतात. बहुतेक वेळा हे प्रकरण दाखलपूर्व असतं, म्हणजे केस उभीच राहिलेली नसते आणि तडजोडीसाठी बोलावलेलं असतं. तडजोड करायची सक्ती नाही. जायचं असेल तर जा, "हे कर्ज माझं नाही" असं लेखी द्या आणि या, पण तिथे कुणाच्या आग्रहाने तडजोडीच्या कागदावर सही करू नका, कारण लोकअदालतीच्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते आणि त्यावर अपील नाही.

लवादाची म्हणजे आर्बिट्रेशनची (कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थाने निवाडा द्यायचा, तो लवाद) नोटीस मात्र हलक्यात घेऊ नका. चेन्नई किंवा दिल्लीचा पत्ता असतो, वाचून काही कळत नाही, म्हणून लोक सोडून देतात आणि मागे एकतर्फी निवाडा होतो. इथे लगेच लिहा की मी असा कुठला करार केलेला नाही, कराराची प्रत द्या, आणि कंपनीने एकटीने नेमलेला लवाद मला मान्य नाही. कर्ज देणाऱ्याने आपल्याच मर्जीने एकट्याने लवाद नेमणं सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या एका निकालापासून अमान्य केलंय. निवाडा होऊन गेला असेल तर आव्हान द्यायला प्रत मिळाल्यापासून तीनच महिने असतात, तेव्हा वकील गाठा.

चेक बाउन्सची, म्हणजे कलम १३८ ची नोटीस असेल तर मिळाल्यापासून १५ दिवस महत्त्वाचे. हे प्रकरण फौजदारी आहे, त्यामुळे चेक तुमचा नसला तरी उत्तर द्यायचंच आणि तेही वकिलाकडून.

आणि आपल्याकडची खास गोष्ट, पतसंस्था किंवा सहकारी बँकेची कलम १०१ ची नोटीस. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली सहकारी संस्थांचं निबंधक कार्यालय सुनावणी घेऊन वसुली दाखला देतं आणि तो दाखला निघाला की मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज (दाखला पुन्हा तपासा असा अर्ज) करायचा तर वसुलीपात्र रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. म्हणजे न घेतलेल्या कर्जासाठीसुद्धा! म्हणून सुनावणीच्या तारखेला स्वतः जा, लेखी म्हणणं द्या, त्याची पोच घ्या. इथे चुकलात की पुढचं सगळं महाग.

कोर्टात खरंच काही दाखल आहे का हे ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं, दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरं: ते खरंच तुमचं नाही ना?

हे विचारलं की लोकांना राग येतो, पण शांत बसून आठवा. ऑफिसातल्या कुणाच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली होती का? जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या असं म्हणून सहसा सुटका होत नाही. मुलाच्या क्लासची फी "नो कॉस्ट ईएमआय"वर भरली होती का? ती फी बऱ्याचदा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असते, क्लास सोडला तरी कर्ज सुटत नाही, आणि पत्र क्लासच्या नावाने नाही तर त्या अनोळखी फायनान्सच्या नावाने येतं. शॉपिंग अ‍ॅपमध्ये पे लेटरवर (आत्ता घ्या, पैसे नंतर द्या) बोट पडलेलं असू शकतं, मोबाइलच्या दुकानात हप्त्यावर फोन घेतलेला असू शकतो, किंवा कधीच न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी व्याज आणि जीएसटी लागून फुगत गेलेली असते. बँका थकलेली कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, त्यामुळे कर्ज जुनं आणि ओळखीचं पण मागणारा नवा, असंही होतं.

उलट, नोटीस नाही पण नुसते फोन येत असतील आणि समोरचा भलत्याच नावाने विचारत असेल, तर तुमचा मोबाइल नंबर आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता एवढंच असतं. "नंबर आता माझ्याकडे आहे, रेकॉर्डमधून काढा" असा एक मेल कंपनीला टाकला की काम झालं. वारलेल्या वडिलांच्या नावाने पत्र आलं असेल तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या वारशापुरतीच असते, स्वतःच्या पगारातून भरायची गरज नाही.

चौथं: क्रेडिट रिपोर्ट काढा

भारतात लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. नुसता स्कोअर बघून उपयोग नाही, पूर्ण रिपोर्ट डाउनलोड करा, आणि तोही कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून. नोटिशीतलं खातं त्यात आहे का बघा, असेल तर मंजुरीची तारीख, रक्कम, आणि तुमच्या नावापुढे लागलेले मोबाइल नंबर, पत्ते बघा. तिथे कधी न राहिलेल्या गावाचा पत्ता दिसला तर समजा कुणीतरी तुमचा पॅन वापरलाय. एन्क्वायरीचा भागही वाचा, कोणी कोणी तुमच्या नावावर कर्ज द्यायच्या आधी चौकशी केली ते तिथे कळतं.

चुकीचं खातं दिसलं की तिथेच ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाका. कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय सिबिलवाले स्वतःहून नोंद पुसत नाहीत, पण ३० दिवसांत निकाल लागायला हवा, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. ही भरपाई मागा हं, संकोच करू नका.

पाचवं: लेखी उत्तर

उत्तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि कागदावर स्पीड पोस्टने पाठवा, त्याची प्रत नोटीस देणाऱ्या वकिलाला. पत्ता आणि ईमेल नोटिशीवरून नाही, कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या, आणि कंपनी रिझर्व बँकेकडे नोंदलेली आहे का हेही त्याच वेळी तपासा. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा, काही बिघडत नाही. लांबलचक कैफियत नको, "मी गरीब माणूस, थोडी मुदत द्या" असलं तर अजिबात नको, त्यात कबुली डोकावते. साधारण असं:

"आपले दि. ___ चे पत्र, संदर्भ क्र. ___ मिळाले. त्यात नमूद केलेले कर्ज मी घेतलेले नाही आणि ही रक्कम मला मान्य नाही. कृपया पुढील गोष्टी पाठवाव्यात. कर्जाचा अर्ज व करारनाम्याची सहीसह किंवा ई-साइनच्या तपशिलासह प्रत. त्या वेळी घेतलेली केवायसी कागदपत्रे, फोटो व मोबाइल नंबर. रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या बँक खात्यात जमा केली ते यूटीआर (बँक व्यवहाराच्या) नंबरसह. कर्ज खात्याचा पूर्ण उतारा. आपण मूळ कर्ज देणारे नसल्यास कर्ज आपल्याकडे आल्याचा किंवा वसुलीच्या अधिकाराचा कागद. खातरजमा होईपर्यंत वसुलीचे फोन व भेटी थांबवाव्यात आणि क्रेडिट कंपन्यांकडे हे खाते वादग्रस्त असल्याची नोंद करावी."

यातला सगळ्यात धारदार प्रश्न म्हणजे पैसे कोणत्या खात्यात गेले. डिजिटल कर्जाची रक्कम, काही अपवाद सोडले तर, थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच टाकली पाहिजे असं रिझर्व बँकेचं बंधन आहे. सही खोटी मारता येते, सेल्फी कुणाचाही लावता येतो, पण पैसे कुठेतरी उतरलेच असणार आणि ते खातं तुमचं नसेल तर कंपनीला उत्तर देणं जड जातं. तुमच्या सगळ्या खात्यांचं त्या महिन्याचं स्टेटमेंट काढून ठेवा. स्वतःहून पॅन-आधारच्या झेरॉक्स जोडू नका, मागितलंच तर मास्क्ड आधार (नंबरचे बरेच आकडे झाकलेलं) द्या.

फसवणूक झालेली दिसत असेल तर

१९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका आणि जवळच्या पोलिस ठाण्यातही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, अर्जात कलम लिहिलं की ठाणे अंमलदार जरा वेगळ्या नजरेने बघतो. आधारच्या साइटवर मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं, बायोमेट्रिकही तिथूनच लॉक करता येतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा, अनोळखी दिसलं तर तिथूनच कळवा. तक्रारीची प्रत लगेच कंपनीला मेल करा.

एजंट त्रास देत असेल, कंपनी दाद देत नसेल तर

वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना सतावणं, यातलं काहीच चालत नाही, हे रिझर्व बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलंय. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेची, "ती बाहेरची एजन्सी आहे" म्हणून तिला हात वर करता येत नाहीत.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा थातुरमातुर दिलं तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यांच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार फुकट होते, वकील लागत नाही, मदतीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कंपनीकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो, म्हणून तो ईमेल आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. पतसंस्था या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज द्यावा लागतो.

शेवटी कंपनीने चूक मान्य केली की ती "नो ड्यूज" किंवा "खातं बंद केलं" असं पत्र देऊन मोकळी व्हायला बघते. ते पुरेसं नाही, कारण त्याचा अर्थ कर्ज तुमचंच होतं आणि फिटलं असा होतो, आणि सेटल्ड (तडजोडीने मिटवलं) असा शेरा पडला तर उद्या घरकर्जाच्या वेळी बँक त्यावरच बोट ठेवणार. "हे खातं या व्यक्तीचं नव्हतं, नोंद पूर्ण काढून टाकत आहोत" असं लेखी मागा, आणि दीड-दोन महिन्यांनी चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढून बघा, एकीकडून नोंद गेली आणि दुसरीकडे तशीच राहिली असं सर्रास होतं.