एसएसडी टाकली, तरी लॅपटॉप हळूच

परभणीत एका दुकानातून जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची, चिपवाली वेगवान डिस्क) बसवून आणली. खोक्यावर वेग सेकंदाला ५५० एमबी. मोजलं तर जेमतेम १३०. वाटलं, डुप्लिकेट माल गळ्यात मारला.

रविवारी लाइट गेलेली, म्हणून बॅटरी काढून निवांत लॅपटॉपची पाठ उघडली. गड्यानं एसएसडी डीव्हीडीच्या जागी खोचली होती अन् जुनी हार्ड डिस्क मुख्य जागेवर तशीच! माझ्या मॉडेलात डीव्हीडीची साटा जोडणी (डिस्क ज्यातून लॅपटॉपला जोडतात ती) सेकंदाला दीड गिगाबिटची, म्हणजे फार तर १५० एमबी. चार स्क्रू काढून दोन्हींची अदलाबदल केली. आता २७० मिळतात. मुख्य पोर्ट साटा-२, म्हणजे साटाच्या दुसऱ्या पिढीचं, तीन गिगाबिटचं. याहून फार वर जाणारच नाही.

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्क चालवायची जुनी आयडीई पद्धत बदलून नवी एएचसीआय करायची असेल तर आधी विंडोज सेफ मोडला (मोजक्याच गोष्टी चालू ठेवणाऱ्या मोडला) लावा, नाहीतर विंडोज अडल्याची निळी स्क्रीन येते. मी तीही पाहिली.