वाटणीचा वाद मध्यस्थीने कसा मिटवावा

वडिलांचे दिवसकार्य उरकले की घरात जमिनीची कुजबुज सुरू होते. तिची भाऊबंदकी होऊ द्यायची नसेल, तर वकिलाची नोटीस जाण्याआधीच मध्यस्थीला बसावे.

आधी कागद गोळा करा. मृत्यू दाखला, नाडकचेरीतून (होबळीच्या महसूल कार्यालयातून) वंशावळ, प्रत्येक सर्व्हे नंबरचा चालू उतारा आणि घराचा खाते उतारा. आपल्या कर्नाटकातल्या सीमाभागात हे सगळे कन्नडमध्ये असते. घरातल्या कन्नड वाचणाऱ्या मुलामुलीकडून सर्वांसमोर मोठ्याने वाचून घ्या. निम्मे गैरसमज इथेच निघतात.

मग बहिणींना बोलवा, अगदी पहिल्या बैठकीपासून. "ती पंचमीला येईल तेव्हा सही घेऊ" असे म्हणणाऱ्या घरांत वाद मिटत नाही, फक्त लांबतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या दुरुस्तीआधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केले. वडिलांची स्वकमाईची चार एकर असेल, मृत्युपत्र नसेल, आणि मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी असतील, तर चौघांना एकेक एकर. वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा पडतो. तो वकिलाकडून मांडून घ्या. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडू दे, पण आपला वाटा किती गुंठे होता हे कळल्यावर.

मध्यस्थ कोण? गावातले पंच चालतात, पण ते कुणा एकाच्या उसाला पाणी देणारे नसावेत. नाहीतर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका कायदा सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना, उत्पन्न कितीही असो, तिथे कायदेशीर मदत मोफत मिळते. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. मराठी समजणारा मध्यस्थ अर्जातच मागा. आईला आपले दुखणे परक्या भाषेत सांगता येत नाही.

बैठकीत मध्यस्थ निकाल देत नाही. तो एकेकाशी खासगीतही बोलतो, आणि तिथले बोलणे पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून मनातले खरे सांगा. बहुतेकदा भांडण गुंठ्यांचे नसतेच. विहीर कुणाच्या बांधात जाते, आईला कोण सांभाळणार, धाकट्याच्या शिक्षणाला कुणी पैसे घातले, हे तुंबलेले असते. आईचे राहणे, औषधपाणी आणि विहिरीच्या पाण्याची पाळी आधी ठरवा. मग जमीन सोपी जाते.

ठरले की लगेच लिहा. लोकअदालतीत तडजोड नोंदवली तर तिला कोर्टाच्या हुकुमनाम्याचे बळ येते आणि तिच्यावर अपील होत नाही. थेट वाटणीपत्र करणार असाल तर ते सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावे लागते. सर्व्हे नंबर फुटणार असेल तर आधी भूमापन खात्याकडून अकरा-ई नकाशा (फुटणाऱ्या तुकड्यांचा मोजणी नकाशा) काढा. कन्नड मसुदा मराठीत समजावून घेतल्याशिवाय कुणीही अंगठा किंवा सही देऊ नये. नवा उतारा निघाला की प्रत्येकाने आपले नाव आणि क्षेत्र स्वतः तपासावे. बहिणीची प्रत तिच्या सासरी पोहोचवावी.