डायनोसॉरचं अंडं की नुसता गोटा? या चुका टाळा

गोल, गुळगुळीत दगड हाती लागला की अनेकांना तो थेट डायनोसॉरचं अंडं वाटतो. बहुतेक वेळा तो पाण्याने घासलेला गोटा असतो, नाहीतर एखाद्या कणाभोवती खनिजं साचून बनलेला गोळा. आकारावरून निवाडा करू नका, कवच शोधा.

फुटलेल्या कडेला भिंग लावा. खऱ्या अंड्यात साधारण एक ते तीन मिलिमीटर जाडीचा, आतल्या दगडाहून वेगळा दिसणारा थर असतो. त्यात कॅल्साइट या चुनखडीतल्याच खनिजाचे स्फटिक पृष्ठभागाला काटकोनात उभे असतात, हवेसाठी बारीक छिद्रं असतात आणि वरून बऱ्याचदा खरखरीत पुटकुळ्या असतात. कांद्यासारखे एकात एक पापुद्रे दिसले, तर ते अंडं नव्हे, विषय संपला.

व्हिनेगर टाकून ‘परीक्षा’ घेणं तर अगदीच घातक. फेस चुनखडीलाही येतो, आणि आम्लाने कवच, म्हणजे एकमेव पुरावाच, विरघळतो. आम्लधर्मी मातीत निसर्गही हेच करतो.

आत बलक सापडेल म्हणून अंडं फोडू नका. अंडं गाळात लवकर गाडलं गेलं तरच टिकतं. आतला मऊ भाग कुजतो, भेगांतून गाळ शिरतो आणि उरलेली पोकळी भूजलातल्या खनिजांनी भरते. कवच मात्र मुळातच कॅल्साइटचं असल्यामुळे त्याला ‘दगड व्हावं’ लागत नाही. भ्रूण क्वचितच सापडतो, आणि तो पाहायला आता सीटी स्कॅन आहे.

अंडं कोणाचं, हे शेजारच्या हाडांवरून ठरवण्यात जाणकारही फसले आहेत. १९२३ मध्ये मंगोलियात सापडलेली अंडी प्रोटोसेराटॉप्स या डायनोसॉरची मानली गेली, कारण त्याचे सांगाडे तिथे भरपूर होते. अंड्यांजवळ पडलेल्या ओव्हिरॅप्टर या दुसऱ्या डायनोसॉरवर चोरीचा आळ आला, नावही तसंच पडलं: ‘अंडीचोर’. १९९३ मध्ये तशाच अंड्यात भ्रूण मिळाला, तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला! प्रोटोसेराटॉप्सची अंडी मऊ कवचाची होती, हे तर २०२० मध्ये कळलं.

आणि अंडं उचलून घरी नेऊ नका. नर्मदा खोऱ्यातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. घरटी इतकी जवळजवळ होती की अंडी घालून माद्या निघून जात असाव्यात, असा अंदाज त्यातून निघाला. घरट्यातून काढलेलं सुटं अंडं यातलं काहीच सांगत नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा आणि भूविज्ञान विभागाला कळवा.