सायबर फसवणुकीची तक्रार देताना या चुका टाळा

ऑनलाइन फसवणूक झालेला पक्षकार समोर येऊन बसला, की त्याचे पैसे कसे गेले यापेक्षा, पैसे गेल्यानंतरच्या दोन दिवसांत त्याने स्वतःच्या हाताने काय करून ठेवले आहे, याचीच मला अधिक धास्ती वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोबाइल ‘साफ’ करणे. एक निवृत्त मुख्याध्यापक शेअर खरेदीच्या बनावट ॲपमध्ये ११ लाख रुपये घालवून माझ्याकडे आले आणि त्यांनी ३४ स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती क्रमांक घालून, टाचणी लावून टेबलावर ठेवल्या. नीटनेटके दिसावे म्हणून प्रत्येक चित्राची वरची पट्टी कापलेली होती, म्हणजे पाठवणाऱ्याचा क्रमांक नेमका तिथेच गेला. मूळ मोबाइल मागितला, तेव्हा कळले की चिरंजीवांनी ‘व्हायरस असेल’ म्हणून तो फॅक्टरी रीसेट करून भाच्याला देऊन टाकला होता. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, त्यात उपकरणाचा तपशील आणि नोंदीचे हॅश मूल्य (त्या फाइलची ठशासारखी डिजिटल ओळख) लिहावे लागते. जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब चे प्रमाणपत्र, मूळ उपकरण हजर केले नसेल तर, अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या, आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या प्रकरणात स्पष्ट केले होते. गुरुजींच्या पैशांचा प्रवास बँकेच्या नोंदींवरून दाखवता आला; पण कोणत्या आश्वासनांना भुलून ते पैसे भरले, हे दाखवणारे संभाषण कायमचे गेले.

म्हणून मी पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगतो, की ग्रुप सोडू नका, काही पुसू नका, व्हॉट्सॲपवरचे संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करा आणि तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेऊ नका. शिवाय प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, समोरचे खाते आणि यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक (यूपीआय असेल तर १२ अंकी संदर्भ क्रमांक) फुलस्केप कागदावर हाताने लिहून घेतो. माझे कनिष्ठ सहकारी याला हसतात, पण हाताने लिहिताना सुटलेला व्यवहार हमखास आठवतो.

दुसरी चूक उशिराची. शनिवारी संध्याकाळी पैसे गेले, की लोक घरच्यांपासून लपवत सोमवारी बँकेच्या दारात उभे राहतात, आणि तोवर ते पैसे चार-पाच भाड्याच्या (दुसऱ्यांच्या नावावरच्या, पैसे देऊन वापरलेल्या) खात्यांमधून पुढे गेलेले असतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केल्यावर जी रक्कम अजून कुठल्या खात्यात पडून असेल, तेवढीच रोखली जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला तरी, बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते; तेव्हा ‘चूक माझीच आहे’ म्हणून गप्प बसणे हा निव्वळ तोट्याचा धंदा आहे. रोखलेले पैसेही आपोआप परत येतात असे समजू नका. त्यासाठी बहुधा दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो.

सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केल्याची पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर तिथे वाद घालण्यापेक्षा त्याच संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे आणि टपालाची पावती जपून ठेवावी.

इंटरनेटवरून उचललेल्या तक्रारीच्या मसुद्यात अजून ‘४२०’ असते. १ जुलै २०२४ पासूनच्या फसवणुकीला न्याय संहितेचे कलम ३१८(४) लागते, त्याआधीच्या गुन्ह्याला मात्र जुनीच दंडसंहिता.

व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याची बतावणी करून घाबरवतात, ती ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही.

आणि गेलेले पैसे काढून देतो म्हणून आगाऊ फी मागणारा जो ‘एक्स्पर्ट’ टेलिग्रामवर भेटतो, त्याला पैसे देऊन माझ्याकडे आलेले पक्षकार दुसरी तक्रार लिहायला येतात, तेव्हा मी नवा फुलस्केप कागद पुढे करतो.