गॅरेजमध्ये बाथरूम: कोबा फोडण्याआधी पातळी मोजा

गॅरेजची राहती खोली करायची ठरली की सगळ्यांना घाई होते ती कोबा फोडायची. कटर येण्याआधी बाहेरच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण उघडा आणि गॅरेजच्या फरशीपासून चेंबरमधल्या पाइपचा तळ किती खोल आहे ते मोजा. पुढचं सगळं याच मापावर ठरतं.

सांडपाण्याच्या पाइपला मीटरमागे 20 मिमी उतार धरा. कमोड ते चेंबर अंतर 6 मीटर असेल, तर नुसत्या उताराला 120 मिमी गेले. त्यात पाइपची आणि कमोडखालच्या बेंडची उंची मिळवा. गॅरेज बहुधा घरापेक्षा खालच्या पातळीवर असतं, म्हणून गणित फसतं ते इथेच. अशा वेळी लोक लगेच सांडपाणी वर ढकलणारा पंप बसवतात, पण वीज गेली की तो बंद. त्यापेक्षा बाथरूमच चेंबरजवळ सरकवता येतं का ते आधी बघा.

मग खडूने जमिनीवर आखणी करा. कमोड आधीच पसंत करून ठेवा, कारण आउटलेटचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं. 305 मिमी हे नेहमीचं माप, पण ते टाइल लागलेल्या भिंतीपासूनचं. भिंत अजून उघडी असेल आणि प्लास्टर-टाइल मिळून 25 मिमी होणार असेल, तर खूण 330 वर करा. फरशीची अंतिम उंचीही आत्ताच ठरवा.

कोबा पोस्ट-टेन्शन पद्धतीचा (आत ताणलेल्या केबल असलेला) असेल तर कटर लावू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ही केबल तुटणं जिवावर बेतू शकतं.

चर खणून तळाला वाळू दाबून घ्या आणि चेंबरकडून वर येत पाइप टाका: कमोडला 100 मिमी, शॉवरला 50, बेसिनला 40. पाइपखाली विटेचे तुकडे ठेवून उतार जमवू नका, पुढे तिथेच पाइप खचतो. वळणावर एका 90 अंशांच्या एल्बोऐवजी 45 चे दोन बेंड लावा.

व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेज लाइनला हवा पुरवणारा पाइप, वाचवायचा मोह होतो, पण तो लागतोच. जोरात जाणारं पाणी मागची हवा ओढतं, ट्रॅपमधलं (वास अडवणाऱ्या वळणात साठलेलं) पाणी खेचलं जातं आणि खोलीत गटाराचा वास येतो. व्हेंट छताच्या वर काढा.

आता टेस्ट. सगळी तोंडं बंद करून 3 मीटर उभ्या पाइपात पाणी भरा. 15 मिनिटांत पातळी खाली आली तर जोड गळतोय. तपासणी सक्तीची असेल तिथे ती होईपर्यंत चर उघडाच ठेवा. नळाच्या लाइनींची प्रेशर टेस्ट वेगळी करा. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे, टोकांना कॅप.

चर बुजवण्याआधी शेजारी टेप ठेवून प्रत्येक जोडाचा फोटो काढा. कोब्याखालचं, चर खणताना कापलं गेलेलं ओल रोखणारं प्लास्टिक पुन्हा नीट जोडून मगच काँक्रीट ओता.