युरोपात एकटे फिरताय? निदान या चुका तरी करू नका

"ताई, १४ दिवसांत ९ देश होतील ना?" हा मेसेज मला महिन्यातून दोनदा तरी येतो. होतील की, न व्हायला काय झालं, रेल्वेचं जाळंच तसं आहे. पण त्याच माणसाचा पुढचा मेसेज ठरलेला, "एकट्याने बोअर नाही ना होणार? लोक भेटतात ना?" आता या दोन प्रश्नांचं एकमेकांशी उभं वैर आहे हे किती वेळा सांगायचं, म्हणून एकदाच लिहून टाकतेय, यापुढे लिंक पाठवणार.

रोज नवं गाव

ही चूक मी स्वतः केलीये म्हणून जास्त चिडते. २०१८ ची माझी पहिली ट्रिप, ११ रात्री आणि ९ पलंग. प्राग ते व्हिएन्ना चार तास, तिथून ब्रातिस्लावा तासाभरावर, तिथून बुडापेस्ट अडीच तास, एक्सेल शीटमध्ये सगळं फार गोड दिसत होतं. शीटमध्ये काय दिसत नाही, तर हॉस्टेल, म्हणजे खोलीऐवजी एकेक पलंग भाड्याने देणारी प्रवाशांची स्वस्त जागा, सकाळी १०-११ ला बाहेर काढतं आणि पुढचं हॉस्टेल दुपारी दोन-तीनच्या आत पलंग देत नाही, मधले चार तास तुम्ही पाठीवर १२ किलो घेऊन गाव "बघता". संध्याकाळी मोजे धुता, पॉवर बँक चार्जिंगला लावता आणि झोपता. सकाळी बाकीचे कॉफी घेऊन गप्पा मारत असतात तेव्हा तुम्ही बॅग भरत असता.

बुडापेस्टला मात्र नशीब उघडलं होतं. किचनमध्ये चिलीची एक मुलगी आणि दोघं कोरियन बटाटे सोलत बसले होते, त्यांनी काही न विचारता माझ्या हातात सुरी दिली, अकरा वाजेपर्यंत हसून हसून पोट दुखलं. उद्या सगळे सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात जाणार होते, मला पण चल म्हणाले. आणि माझी सकाळची ल्युब्लियानाची गाडी, नॉन रिफंडेबल, वीस-बावीस युरोचं तिकीट. गेले मी. आठेक तास खिडकीतून मक्याची शेतं बघत गेले आणि ल्युब्लियानात जुन्या लष्करी तुरुंगाचं हॉस्टेल केलंय ना, जिथे कोठड्यांना अजून गज आहेत, तिथे गजाआड बसून एकटीने कप नूडल्स खाल्ले. वीस युरो वाचवल्याची शिक्षा!

तेव्हापासून माझं ठरलंय, एका गावात तीन रात्री, त्याच्या खाली नाही. पहिल्या रात्री कोणी बघत नाही, दुसऱ्या रात्री नाव विचारतात आणि तिसऱ्या रात्री कांदा चिरायला बसवतात. लोक म्हणतात एवढे पैसे घालून गेलो तर जास्त बघायला नको का. बघा बाबा. चर्च सातव्या दिवसानंतर सगळी सारखीच दिसायला लागतात.

याला एकच अपवाद, स्पेनचा कामिनो, म्हणजे सांतियागोपर्यंतची पायी यात्रा. तिथे रोज मुक्काम हलतो, सरकारी अल्बेर्गेमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, साधारणपणे एकच रात्र राहू देतात, पण गाव बदललं तरी माणसं तीच राहतात, अगदी आपल्या वारीसारखं, काल ज्याने फोडाला टेप लावून दिली तो आज पुढच्या गावात चहाला भेटतो. शेवटचे १०० किलोमीटर पायी केले की सांतियागोला प्रमाणपत्र मिळतं म्हणून बरेच जण सारियापासून सुरू करतात, आठवडाभरात होतं. ज्यांना पहिल्यांदाच एकट्याने जायची भीती वाटते त्यांना मी आधी हेच सांगते.

व्हिसाचा स्टिकर न वाचता लोकांच्या मागे जाणं

आता उलटी चूक. लोक भेटले, मैत्री झाली, आणि "उद्या आमच्याबरोबर चल" म्हटल्यावर पासपोर्ट विसरून निघाले. २०२४ चा सप्टेंबर, क्रोएशियातलं स्प्लिट. आमच्या आठ जणांच्या खोलीतून दोन ऑस्ट्रेलियन, एक ब्राझीलचा आणि मी असं दुसऱ्या दिवशी मोस्तारला जायचं ठरलं, १९९३ च्या युद्धात पडलेला आणि २००४ मध्ये परत उभा केलेला तो दगडी पूल बघायला, संध्याकाळी परत. मी पैसे पण काढून ठेवले. वरच्या बंकवर फिलिपिन्सची एक नर्स होती, आमचं सगळं ऐकत पडलेली. ती खाली वाकून म्हणाली, "तुझा व्हिसा सिंगल की मल्टी?"

मी हसले, म्हटलं शेंगेन आहे ना, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. पासपोर्ट काढला तर एंट्रीच्या रकान्यात ०१, म्हणजे एकदाच आत, बाहेर पडलं की संपलं. मोस्तार बोस्नियात, बोस्निया शेंगेनमध्ये नाही. म्हणजे सकाळी बाहेर पडले असते तर बोस्नियानेच कदाचित आत घेतलं नसतं, आणि घेतलं असतं तर क्रोएशियाने परत घेतलं नसतं, आणि माझी परतीची फ्लाइट होती व्हिएन्नाहून! त्या तिघांना या प्रकरणातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही, त्यांच्या पासपोर्टला कोणी असले प्रश्नच विचारत नाही. असले प्रश्न आपल्यासारख्यांनाच सुचतात. दुसऱ्या दिवशी ती आणि मी फेरीने ब्राच बेटावर गेलो आणि दिवसभर व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राच्या, रांगांचे किस्से एकमेकींना सांगितले. आजही व्हॉट्सअपवर रोज नाही पण सणावाराला असतेच.

तर, व्हिसा हातात आला की पहिला तो रकाना बघा, ०१ आहे की मल्ट (MULT, म्हणजे अनेकदा आत-बाहेर). मल्टिपल शेंगेन असेल तर भारतीयांना बोस्निया किंवा माँटेनेग्रोला वेगळा व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी नियम एकदा तपासा, माझ्यावर विसंबून जाऊ नका. लंडन, डब्लिन पण शेंगेनमध्ये नाहीत, हे दरवर्षी कोणाला तरी विमानतळावर कळतं. स्प्लिट-डुब्रोव्निक बसनेही पूर्वी असाच घोळ व्हायचा, मधे नेऊमपाशी बोस्नियाचा तुकडा यायचा, २०२२ ला पेल्येशाचचा पूल झाला आणि ती कटकट टळली, तरी बस पुलावरून जाते ना हे विचारूनच तिकीट काढा.

यातच अजून एक. "अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो, तिथून काढ आणि फिर कुठेही", हा शॉर्टकट सांगणारे एजंट आणि भाऊजी सगळीकडे आहेत. जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार तिथेच अर्ज करायचा असतो, आणि पहिल्या विमानतळावरच बुकिंग दाखवा म्हटलं तर तुम्ही काय भाऊजींना फोन लावणार? अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. १५ दिवस आधी जागं होऊन मग मला मेसेज करू नका.

किचनमधली फोडणी

हॉस्टेलचं किचन ही ओळखी व्हायची सगळ्यात भारी जागा, पब क्रॉल वगैरे त्याच्यापुढे काही नाही, तिथे ज्याच्याशी ओळख होते त्याला सकाळी तुमचं नावही आठवत नाही. पण कडकडीत तेलात सुक्या मिरच्या टाकल्यात तर धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खं हॉस्टेल चड्डी-बनियनवर रस्त्यावर येतं. हो, माझ्यामुळेच. ओळखी खूप झाल्या हे खरं, पण तशा नको. आता मी पोहे करते, मंद आचेवर, हिरवी मिरची, खिडकी उघडी. पोहे व्हीगनवाल्याला चालतात आणि ग्लूटेन न खाणाऱ्यालाही, फक्त त्याच्यासाठी हिंग टाकू नका, डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आणि आईने दिलेलं तूप, पेढे घरीच ठेवा, बाहेरून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

बाकीच्या फुटकळ चुका पटापट सांगते.

कुलूप स्वतःचं न्या, लॉकर असतो पण कुलूप विकत घ्यायला लावतात.

चाकांची बॅग घेऊन प्रागच्या दगडी रस्त्यांवर गेलात तर चाकं तरी तुटतील नाहीतर तुम्ही.

प्रागमध्ये ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट घेतलं की पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असून दंड भराल.

जर्मनी, ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारी ब्रेड-अंडी घेऊन ठेवा.

कार्ड मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो. नेहमी. रुपयाचा तो भाव त्यांचा असतो.

"पॅरिस" लिहिलेलं स्वस्त विमान बोव्हेला उतरतं, पॅरिसपासून ८० किलोमीटर, बसचं भाडं आणि दीड तास धरून मग सांगा स्वस्त आहे का.

रेल्वे पास म्हणजे सीट नव्हे, फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला वेगळं रिझर्वेशन लागतं आणि उन्हाळ्यात ते संपतं.

फ्री वॉकिंग टूर फुकट नसते, शेवटी टोपी फिरते, तेव्हा शूलेस बांधायला खाली बसू नका, आपलीच माणसं बसतात, मी बघितलंय.

आणि रात्री दोनला डॉर्ममध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांचा चुरचुर आवाज करणारे तुम्ही असाल, तर सकाळी किचनमध्ये तुमच्याशी कोणी का बोलत नाही याचं उत्तर मला विचारू नका. कापडी पिशव्या घ्या, आईकडे असतातच लग्नात मिळालेल्या, आणि सकाळी लवकर निघायचं असेल तर बॅग आदल्या संध्याकाळीच भरून कॉरिडॉरच्या बाजूला ठेवा.